गिरणीवाल्याचा पोरगा आणि भिंतीवरची कॉपी

मागच्या महिन्यात एका बातमीसाठी जालना एमआयडीसीत गेले होते. तो भाग तुम्हाला माहीतच असेल. स्क्रॅपचे ट्रक, रोलिंग मिलची धग, सळयांचे गठ्ठे आणि शिफ्ट सुटली की गेटवर बाइकची गर्दी. ज्यांना भेटायचं होतं ते कारखानदार काका यायचे होते, म्हणून ऑफिसात बसून राहिले. भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर आणि त्याच्या शेजारी, जवळपास अर्धी भिंत भरेल एवढं एक चित्र. काळोखातून बाहेर येणारी माणसं, हातात भाले-बंदुका, मधोमध लाल पट्टा बांधलेला कप्तान आणि गर्दीत कुठूनशी आलेली, सोनेरी कपड्यातली एक छोटी मुलगी.

मला वाटलं प्रिंट असेल. जवळ जाऊन पाहिलं तर रंगाचे थर वर आलेले, ब्रशचे फटकारे दिसत होते. काका आले आणि कौतुकानं म्हणाले की हे हातानं रंगवून घेतलंय, आता घरच्या हॉलसाठीही दुसरं सांगितलंय. मी तोंडावर हसले आणि मनात म्हटलं, म्हणजे डुप्लिकेट!

घरी येऊन त्या चित्राबद्दल वाचायला बसले आणि तो शब्द मनातल्या मनात परत घेतला. का, ते सांगते. त्यासाठी आधी ज्यानं मूळ चित्र काढलं त्याची गोष्ट ऐकावी लागेल.

नववं पोर

रेम्ब्रांटचा जन्म 15 जुलै 1606 चा, नेदरलँड्समधल्या लायडेन शहरातला. वडील गिरणीवाले, आई बेकरीवाल्याची मुलगी. पवनचक्कीवर चालणारी त्यांची गिरणी ऱ्हाइन नदीच्या काठी होती, म्हणून आडनाव पडलं ‘फान राइन’, म्हणजे ऱ्हाइनकडचे. भावंडांत हा नववा. घरच्यांना वाटत होतं की या पोरानं शिकून मोठं व्हावं. त्याला लॅटिन शाळेत घातलं, 1620 मध्ये लायडेनच्या विद्यापीठात नावही नोंदवलं. पण त्याचं लक्ष चित्रांत. शेवटी घरच्यांनी ऐकलं आणि त्याला चित्रकाराकडे शिकायला ठेवलं. आपल्याकडे सायन्सला ॲडमिशन घेऊन मग आर्ट्सला जाणाऱ्यांच्या घरात काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. चारशे वर्षांपूर्वीही फार वेगळं नसावं.

आधी लायडेनमध्ये तीनेक वर्षं, मग ॲमस्टरडॅमला पीटर लास्टमन नावाच्या नामवंत चित्रकाराकडे सहा महिने. त्या काळी चित्रकला शिकणं म्हणजे काय, तर रंग खलायचे, कॅनव्हास ताणायचा आणि गुरूच्या चित्राची नक्कल करायची. मग पुन्हा नक्कल. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेला आपण समोरचं जसंच्या तसं काढायला धडपडायचो, तसंच. फक्त हे रोज आणि वर्षानुवर्षं. स्वतःचं काहीतरी करायचा नंबर नंतर यायचा.

इथे एक गंमत आपल्या भागातल्या वाचकांसाठी. तो ज्या तेलात रंग कालवायचा ते जवसाचं तेल. ज्या लिननच्या कॅनव्हासवर चित्र काढायचा तो कॅनव्हासही जवसाच्याच झाडाच्या धाग्यांचा. आपण ज्याची चटणी भाकरीशी खातो त्याच पिकावर सगळी डच चित्रकला उभी आहे.

सुताराच्या भिंतीवरही चित्र

साधारण 1631 मध्ये रेम्ब्रांट कायमचा ॲमस्टरडॅमला आला. हे शहर तेव्हा जगाच्या व्यापाराची पेठ होतं. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं मिरी, कापड, नीळ घेऊन तिथं लागत. कंपनीच्या वखारी सुरतेत होत्या, आपल्या कोकणात वेंगुर्ल्यालाही होती. त्या वखारीचे अवशेष आजही तिथं उभे आहेत. आणि पैसा आला की भिंती सजतात, हे जालन्याला वेगळं सांगायला नको. आपलं गावही तेव्हा श्रीमंत पेठ होतं. म्हणून तर 1679 मध्ये शिवाजी महाराजांची मोहीम जालन्यावर आली.

पण ॲमस्टरडॅमची गोष्ट न्यारी. तिथं चित्रं राजवाड्यात किंवा चर्चमध्येच टांगलेली नव्हती. भारतात सुरत-आग्रा फिरून गेलेला पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी 1640 मध्ये तिथं पोचला, तेव्हा त्याला नवल वाटलं की खाटीक, बेकरीवाले, लोहार अशा लोकांच्या दुकानांतही चित्रं लावलेली आहेत. एवढ्या भिंतींना एवढी चित्रं पुरवायची, तर सगळी अस्सल कशी असणार? गाजलेल्या चित्रांच्या हातानं रंगवलेल्या नकला निघायच्या, घेतल्या जायच्या, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

रेम्ब्रांट ज्या आर्ट डीलरकडे आधी कामाला लागला, त्या हेंड्रिक आउलेनबर्गच्या कारखान्यातही हेच चालायचं. पोर्ट्रेट काढून द्यायची, जुनी चित्रं दुरुस्त करायची, नकला बनवायच्या. मी मुद्दाम कारखाना म्हणतेय. आतलं वातावरण आपल्या एमआयडीसीतल्या एखाद्या शेडसारखंच असणार. एकजण कॅनव्हास तयार करतोय, एकजण रंग खलतोय, एकजण पार्श्वभूमी भरतोय.

1632 मध्ये त्यानं डॉक्टर तुल्प यांच्या शवविच्छेदनाच्या वर्गाचं चित्र काढलं आणि नाव झालं. तेव्हा वय फक्त 26. ऑर्डरी येऊ लागल्या, शिष्य येऊ लागले. वर्षाला शंभर गिल्डर फी घेऊन तो शिकवायचा, असं त्याच्या काळातल्या एका चित्रकारानं लिहून ठेवलंय. शिष्यांनी केलेल्या नकला विकल्या जायच्या. तेव्हाच्या नियमांनुसार शिष्यांचं काम गुरूच्या नावानं विकता येई आणि पैसा गुरूला मिळे.

बर्लिनच्या संग्रहात रेम्ब्रांटच्या हातचा एक कागद आहे. एका बाजूला त्यानं आपल्या गुरूच्या, लास्टमनच्या चित्रावरून केलेलं रेखाटन. मागच्या बाजूला हिशोब: कुठल्या शिष्याचं कुठलं चित्र कितीला गेलं. एकाच कागदावर शिकण्यासाठी केलेली नक्कलही आहे आणि धंद्यासाठी केलेल्या नकलांचा हिशोबही. त्याला त्यात काही लपवण्यासारखं वाटलं नाही, हे विशेष.

तेरा हजारांचं घर

1634 मध्ये त्यानं आउलेनबर्गच्या नात्यातल्या सास्कियाशी लग्न केलं. ती चांगल्या घरची, पैसेवाली. त्याच्या कित्येक चित्रांत ती दिसते. कधी फुलांची देवी होऊन, कधी नुसती हसत. 1639 मध्ये दोघांनी 13,000 गिल्डरला मोठं घर घेतलं. थोडे पैसे आधी भरले, उरलेले हप्त्यानं. आजच्या भाषेत होम लोन. ते लोन पुढं त्याला बुडवणार होतं.

कमाई भरपूर होती पण हात सैल. लिलावात तो बोली लावत सुटायचा: जुनी शिरस्त्राणं, पुतळे, शिंपले, राफाएल आणि ड्यूररची छापील चित्रं, लांबच्या देशांतून आलेल्या वस्तू. काही चित्रांत वापरण्यासाठी, काही निव्वळ हौस म्हणून.

आणि घरात एकामागून एक मरण. पहिली तीन मुलं तान्हेपणीच गेली. चौथा टायटस 1641 मध्ये जन्मला आणि जगला. पण तो नऊ महिन्यांचा असताना, जून 1642 मध्ये सास्किया गेली. ती तिशीचीही नव्हती.

रात्र नसलेलं ‘नाइट वॉच’

त्याच वर्षी त्यानं एक अवाढव्य चित्र पूर्ण केलं. शहराच्या रक्षक दलातल्या एका तुकडीचं, कप्तान फ्रान्स बॅनिंक कोकच्या माणसांचं. साधारण चार मीटर उंच आणि पाच मीटर रुंद. ज्यांना चित्रात यायचं होतं त्यांनी वर्गणी काढली होती. माणशी साधारण शंभर गिल्डर. कोण कुठं उभा राहणार त्यावर कमी-जास्त. असे ग्रुप फोटो तेव्हा सगळेच चित्रकार ओळीत उभे करून काढायचे. रेम्ब्रांटनं त्यांना चालायला लावलं. कुणी बंदूक भरतोय, कुणी ढोल वाजवतोय, कप्तान हात पुढं करून हुकूम देतोय.

हेच ते चित्र, जे मी एमआयडीसीत पाहिलं. आपण त्याला ‘नाइट वॉच’ म्हणतो, पण ती रात्र नाहीये. वरचं व्हार्निश काळवंडत गेलं, धूळ बसली आणि पुढच्या शतकात लोकांना वाटलं की प्रसंग रात्रीचा आहे. विसाव्या शतकात चित्र साफ केल्यावर उजेड परत आला. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आता नीट ऐका. कप्तान साहेबांना हे चित्र इतकं आवडलं की त्यांनी त्याची एक छोटी नक्कल जलरंगात करवून घेऊन घरच्या अल्बममध्ये ठेवली. शिवाय गेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकारानं तेलरंगात आणखी एक नक्कल केली. ती एक मीटरही रुंद नाही, म्हणजे घराच्या भिंतीवर मावेल एवढी. या लुंडेन्सचं नाव लक्षात ठेवा.

उतरती

सास्किया गेल्यावर टायटसला सांभाळायला गेर्ट्ये दिर्क्स नावाची विधवा बाई घरात आली. पुढं दोघांचे संबंध जुळले, मग तुटले. लग्नाचं वचन मोडलं म्हणून ती 1649 मध्ये कोर्टात गेली. कोर्टानं रेम्ब्रांटला तिला वर्षाला 200 गिल्डर द्यायला लावले. त्यानंतर त्यानं तिच्या नातेवाइकांना हाताशी धरून तिला गौडा शहरातल्या सुधारगृहात डांबण्याची व्यवस्था केली. ती तिथं पाच वर्षं होती. मोठा कलाकार होता म्हणून हे झाकून ठेवावं असं मला वाटत नाही. चित्रांत म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतलं दुःख टिपणारा माणूस घरात असाही वागला.

मग आयुष्यात हेंड्रिक्ये स्टॉफेल्स आली. सास्कियाच्या मृत्युपत्रात अट होती की त्यानं दुसरं लग्न केलं तर तिच्या पैशावरचा हक्क जाईल, म्हणून लग्न झालं नाही. 1654 मध्ये हेंड्रिक्येला दिवस गेले, तेव्हा चर्चनं तिला बोलावून सुनावलं आणि शिक्षा केली. त्याला नाही, फक्त तिला. त्याच वर्षी त्यांना कॉर्नेलिया ही मुलगी झाली.

घराचे हप्ते थकत चालले होते. 1656 मध्ये त्यानं हात वर केले, म्हणजे कायद्यानं दिवाळं जाहीर केलं. सरकारी माणसांनी घरातल्या वस्तूंची यादी केली, तिच्यात 363 नोंदी आहेत. सगळं लिलावात गेलं. 13,000 चं घर 1658 मध्ये 11,218 गिल्डरला विकलं गेलं. पुढं तर सास्कियाची कबरही विकावी लागली. देणेकरांपासून वाचण्यासाठी हेंड्रिक्ये आणि टायटस यांनी मिळून कंपनी काढली आणि रेम्ब्रांट त्या कंपनीचा नोकर झाला. चित्रं काढायचा तो, मालकी त्यांची.

ॲमस्टरडॅममध्ये शाहजहान

मला सगळ्यात आवडलेला भाग इथे येतो. दिवाळं निघालं त्याच काही वर्षांत रेम्ब्रांट काय करत होता माहितीये? मुघल चित्रांच्या नकला! जहाजांतून युरोपात पोचलेली दरबारी लघुचित्रं त्याच्या हाती लागली होती. त्यावरून त्यानं शाहजहान, जहांगीर, दरबारी, घोडेस्वार अशी रेखाटनं केली. आज त्यांतली वीसहून जास्त शिल्लक आहेत. बहुतेक सगळी पूर्वेकडून आलेल्या महागड्या कागदावर. कर्जात बुडालेला माणूस महागाचा कागद आणून नक्कल करत होता.

विचार करा, त्याच सुमारास शाहजहानचा मुलगा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आपल्या शेजारी, आजच्या छत्रपती संभाजीनगरात होता. आणि ज्यानं आपला देश कधी सोडला नाही तो डच माणूस त्याच्या बापाचा फेटा, दागिने, तलवार बारकाईनं पाहत बसला होता.

पन्नाशीचा, नावाजलेला, शिष्यांना शिकवून मोठं केलेला माणूस. त्याला नक्कल करायची काय गरज? पण कुणा अनोळखी भारतीय चित्रकाराची रेषा कशी वळली हे बघायचं तर हात तिच्यावरून फिरवावा लागतो, नुसतं बघून भागत नाही. एका मुघल चित्रात झाडाखाली चार वृद्ध धर्मपुरुष बसलेत. रेम्ब्रांटनं ते उतरवून घेतलं आणि 1656 मध्ये तीच बैठक बायबलमधल्या अब्राहमच्या प्रसंगासाठी वापरली. नकलेतून नवं चित्र झालं.

शेवटची वर्षं एकट्याची. 1663 मध्ये हेंड्रिक्ये गेली. 1668 मध्ये टायटसचं लग्न झालं आणि काही महिन्यांत तोही गेला. तरी हा आरशात बघून स्वतःचे चेहरे रंगवत राहिला, सुरकुत्या आणि सुजलेल्या डोळ्यांसकट. 4 ऑक्टोबर 1669 रोजी तो वारला. ॲमस्टरडॅमच्या वेस्टरकेर्क चर्चमध्ये भाड्याच्या कबरीत त्याला पुरलं. नेमकी जागा आज दाखवता येत नाही.

कॉपीनं वाचवलेलं चित्र

माणूस गेला, पण त्याच्या चित्रांचे हाल बाकी होते. 1715 मध्ये ‘नाइट वॉच’ दुसऱ्या इमारतीत हलवायचं ठरलं. नव्या भिंतीवर ते बसेना. मग काय केलं? चित्र चारही बाजूंनी कापलं! डाव्या बाजूची तर जवळपास दोन फुटांची पट्टी गेली. त्यात दोन माणसं आणि एक पोर होतं. कापलेले तुकडे पुन्हा कधीच सापडले नाहीत.

मग आज आपल्याला कसं कळतं की तिथं कोण होतं? त्या लुंडेन्समुळे. त्याची नक्कल चित्र कापण्याच्या आधीची, म्हणून तिच्यात सगळं शाबूत आहे. 2021 मध्ये ॲमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियमनं ती नक्कल आणि एआय वापरून हरवलेले भाग पुन्हा तयार केले, कॅनव्हासवर छापले आणि काही महिने मूळ चित्राच्या कडेनं लावले. जोडून बघितल्यावर लक्षात आलं की रेम्ब्रांटनं कप्तानाला मुद्दाम मधोमध ठेवलं नव्हतं, जरा उजवीकडे ठेवलं होतं, म्हणून सगळी तुकडी चालत पुढं येतेय असं वाटतं. तीनशे वर्षं लोक अर्धवट चित्र बघत होते. अख्खं चित्र एका कॉपीत होतं.

याच्या उलट गोष्टही आहे. बर्लिनमध्ये ‘सोनेरी शिरस्त्राणातला माणूस’ नावाचं चित्र आहे. रेम्ब्रांटचं म्हणून ते जगभर गाजलं, असंख्य घरांत त्याच्या प्रती लागल्या. 1980 च्या दशकात अभ्यासकांनी जाहीर केलं की ते त्याचं नाहीच, त्याच्या प्रभावाखालच्या कुणा दुसऱ्याचं आहे. चित्र तेच, रंग तेच, भिंत तीच. एकेकाळी सहाशेच्या पुढं चित्रं त्याच्या नावावर होती, नव्या अभ्यासानंतर साडेतीनशेच्या आसपास उरली. बाकीची ज्यांनी काढली त्यांच्यापैकी अनेकांची नावंही आपल्याला कळणार नाहीत.

म्हणजे कॉपी करणं ही चोरी नाही. चोरी होते ती नाव बदलताना.

घरासाठी घेताय किंवा स्वतः करताय?

हातानं रंगवलंय की प्रिंटवर नुसता जेल फिरवलाय, हे ओळखायचं तर मोबाइलची टॉर्च चित्राच्या कडेनं तिरपी मारा. खऱ्या ब्रशच्या फटकाऱ्याची सावली रंगाच्या वळणाबरोबर पडते. जेलचे उंचवटे भलत्याच दिशेला जातात.

रेम्ब्रांटच्या चित्रांवर आता कुणाचा कॉपीराइट नाही. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी तो संपतो. त्यामुळे नक्कल करायला, विकायला हरकत नाही. फक्त ती नक्कल आहे हे सांगून विका. रिक्सम्युझियमच्या साइटवर मोठ्या रिझोल्यूशनचे फोटो फुकट मिळतात. होस्टेलच्या भिंतीसाठी तेवढं पुरे.

आणि कॉपी करणाऱ्याला मागच्या बाजूला त्याचं नाव आणि तारीख लिहायला सांगा. स्वतः केली असेल तर स्वतःचं लिहा.

हे सगळं वाचून झाल्यावर मी पुन्हा त्या ऑफिसात गेले. कारण काय सांगायचं म्हणून बातमीचं कटिंग द्यायला आले म्हणाले. चित्राची डावी कड बघितली. दोन माणसं आणि ते पोर तिथं नव्हतं. कापलेल्या चित्रावरून केलेली कॉपी. काकांना सगळं सांगितलं, तर ते खुर्चीतून उठून चित्राजवळ आले आणि डाव्या कडेला बोट लावून बराच वेळ बघत उभे राहिले. मग फोन काढला आणि हॉलच्या चित्राची ऑर्डर बदलली. घरी अख्खं पाहिजे म्हणाले, तिघांसकट.

मी विचारलं, कॉपी काढतं कोण? त्यांना नाव माहीत नव्हतं. एका दुकानदारामार्फत आलं होतं. चित्र उतरवून मागे पाहिलं, तिथंही काही नव्हतं. आता नवीन चित्र येईल तेव्हा मागे नाव लिहूनच द्या, असा निरोप त्यांनी दुकानदाराला माझ्यासमोर दिलाय. चित्र आलं की बघायला जाणार आहे. आधी मागची बाजू बघेन.